एका ‘नकल’ची अस्सल गोष्ट

मंडळी, अमेरिकेत शाळेचं होमवर्क नावाला मुलांचं असतं. ते पार पाडतात आईबाप, आणि आजी-आजोबा इंडियातून आलेले असतील तर तेही. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे असंच एक होमवर्क आलं. ते शाळेत देऊन झालं, त्याला मार्क मिळाले, तरी आमच्या डोक्यातून काही जाईना. म्हणून म्हटलं, अंकासाठी लिहूनच काढावं.

आमची कन्या पाचवीत. मास्तरीणबाईंनी वर्गात फर्मान काढलं होतं की प्रत्येकानं शरीराच्या एका अवयवाचा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याची गोष्ट पाच मिनिटं सांगायची. शब्द आला कुठून, कुठं कुठं वापरतात, आणि घरी दुसरी भाषा बोलत असाल तर तिच्यात त्याला काय म्हणतात. कन्या सर्दीमुळे दोन दिवस घरी होती. ती शाळेत गेली तोवर सगळे चांगले शब्द संपलेले! घरी आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच.

“हार्ट गेलं, आय गेलं, अगदी एल्बोसुद्धा गेलं! मला नकल मिळालं!”

आमचे बाबा तेव्हा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले होते. मिशिगनचा जानेवारी, बाहेर दीड फूट बर्फ, आणि बाबा स्वेटरवर स्वेटर चढवून हीटरच्या जाळीशेजारी बसलेले. त्यांनी कान टवकारले.

“कसली नक्कल? शाळेत नक्कल करायला सांगतात होय?”

नक्कल नव्हे बाबा, नकल. हे बोटाचं... आणि इथंच आम्ही अडलो. कन्येनं वही उघडून विचारलं, “नकलला मराठीत काय म्हणतात?” आम्ही म्हणालो, “सांधा.” ती म्हणाली, “सांधा म्हणजे जॉइंट. गुडघा पण सांधा.” सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बोटाचा उंचवटा लिही.” कन्येनं नाक मुरडलं. तो काय शब्द आहे?

वाचकहो, आम्ही मेकॅनिकल इंजिनियर. इथल्या एका विद्यापीठाची मास्टर्स पदवी भिंतीवर टांगलेली. गेली पंधरा-सोळा वर्षं मोटारींचे सुटे भाग डिझाइन करून पोट भरतो आणि त्यातला जो भाग आमच्या वाट्याला सगळ्यात जास्त आला, त्याचं नावच मुळी ‘स्टिअरिंग नकल’! दिवसातून पन्नास वेळा हा शब्द तोंडात येतो, पण आपल्या बोटावर त्याला मराठीत काय म्हणतात ते आठवेना.

बाबांनी उजवा हात वर केला. अंगठ्यानं बोटांवर टिचक्या मारल्यासारखं करत म्हणाले, “पेर म्हणतात त्याला. हे एक पेर, हे दुसरं, हे तिसरं. एका बोटाला तीन पेरं.”

कन्या टक लावून बघत होती. बाबांच्या अनामिकेला दोनच पेरं आहेत. वरचं नाही. आम्हाला कळायला लागल्यापासून ते तसंच आहे. “मशीनमध्ये गेलं” एवढंच घरात सांगितलं जायचं. पण कन्येनं ते आज पहिल्यांदाच मोजून पाहिलं.

“आजोबा, तुमचं एक पेर कुठं आहे?”

क्षणभर कोणी बोललं नाही. मग बाबा हसले. “सांगेन की. आधी तुझ्या इंग्रजीचं बघू.”

मुका ‘के’ आणि त्याचं गोत्र

बाबांनी वहीतला शब्द हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला, “क्नकल.” कन्या खो खो हसली. पण नंतर आम्ही लायब्ररीतून जाडजूड कोश आणून बसलो, तेव्हा कळलं की हसण्यासारखं त्यात काही नाही. जुन्या इंग्रजीत हा ‘के’ चांगला खणखणीत उच्चारत असत. नी, नॉट, नाइफ, नॉक या सगळ्यांच्या तोंडचा ‘के’ सतराव्या शतकाच्या सुमारास मुका होत गेला. उच्चारातून गेला, पण लिहिण्यातून गेला नाही. जर्मन माणूस अजूनही गुडघ्याला ‘क्नी’ असंच म्हणतो. म्हणजे बाबांचं वाचन चूक नव्हतं, नुसतं चारशे वर्षं उशिरा आलं होतं!

हा शब्द इंग्रजी लिखाणात चौदाव्या शतकापासून सापडतो. त्या काळी तो फक्त बोटापुरता नव्हता. गुडघा, कोपर, कुठलाही टेंगळासारखा वर आलेला सांधा म्हणजे नकल. त्याची भावंडं डच आणि जर्मन भाषांत आहेत. जर्मनमध्ये ‘क्नोखेन’ म्हणजे हाड, आणि त्याचंच लहान रूप ‘क्नोशेल’, म्हणजे हाडुक म्हणा ना. गंमत अशी की त्याच क्नोशेलचा अर्थ आज जर्मनमध्ये पायाचा घोटा असाही होतो. एकाच कुळातला शब्द, एका देशात हाताला गेला, दुसऱ्या देशात पायालाही. आपल्या मंडळातल्या कुटुंबांसारखंच आहे की नाही? एक भाऊ न्यू जर्सीत, एक मेलबर्नला.

कोशात अजून एक गोष्ट ध्यानात आली. इंग्रज माणूस हाताकडे बाहेरून बघतो. मूठ वळली की मळहाताच्या बाजूला जी टेकाडं दिसतात, ती नकल. आपण हाताकडे आतून बघतो. तळहात समोर धरला की बोटांवर ज्या आडव्या रेघा दिसतात, त्यांनी पाडलेले भाग म्हणजे पेरं. त्यांचा शब्द उंचवट्याचा, आपला शब्द विभागाचा. त्यामुळे ‘नकल म्हणजे पेर’ असं सरळ समीकरण मांडता येत नाही, थोडं इकडचं तिकडे होतंच.

मोजायची रीतही त्यावरूनच वेगळी. मुठीवरच्या टेकाडांवर महिने मोजायची युक्ती आपण सगळेच शाळेत शिकलो. टेकाडावर आला तो एकतीस दिवसांचा, खाचेत पडला तो कमी दिवसांचा. जुलैला करंगळीचं टेकाड येतं, ऑगस्टला परत पहिल्या टेकाडावर, म्हणून दोघंही एकतीसचे. ही झाली नकलची मोजणी. पण आजी दूधवाल्याचा हिशेब करायची तो आतल्या बाजूनं. अंगठा एकेका पेरावर टेकवत, चार बोटांची बारा पेरं. एका हातात डझन! आणि अंगठा हा मोजणारा, त्याला स्वतःला मोजायचं नाही.

खाली टेकवलेली पेरं

इंग्रजीत नकलवरून वाक्प्रचार भरपूर. मन लावून कामाला लागणं याला ते ‘नकल डाउन’ करणं म्हणतात. हे आलं गोट्यांच्या खेळातून. इंग्रज मुलगा गोटी मारताना हाताची पेरं जमिनीला टेकवतो आणि वाकवलेल्या तर्जनीवरची गोटी अंगठ्यानं उडवतो. पेरं टेकली नाहीत तर डाव बाद. आपल्याकडे उलटं! आपण अंगठा जमिनीत रोवायचा आणि दुसऱ्या हातानं बोट धनुष्यासारखं मागं ताणून गोटी सोडायची. म्हणजे आपल्या खेळातून शब्द निघाला असता तर कामाला लागणं याला आपण ‘अंगठा टेकणं’ म्हणालो असतो, आणि त्याचा अर्थ तर आपल्याकडे भलताच होतो.

दुसरा वाक्प्रचार ‘नकल अंडर’ करणं, म्हणजे मान तुकवणं, हार मानणं. इंग्रजीचा थोर कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन यानं १७५५ सालच्या आपल्या कोशात याचा एक मजेदार तर्क दिला. वादात हरलेला माणूस टेबलाच्या खालच्या बाजूला पेरांनी ठोकून हार कबूल करायचा, त्या चालीवरून हे आलं असावं असं त्याला वाटलं. दुसरे लोक म्हणतात, पूर्वी गुडघ्यालाही नकल म्हणत, तेव्हा सरळ गुडघे टेकणंच असेल. आम्हाला दुसरं पटतं, पण पहिलं जास्त आवडतं.

‘नकलवर रॅप’ मिळणं म्हणजे कानउघाडणी. याचा अर्थ आमच्या पिढीला समजावून सांगायला नको. पट्टीची उभी कड मुठीवर कशी बसते, हे मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला विचारा. कन्येला हे सांगितलं तर तिनं गंभीरपणे विचारलं, “मग तुम्ही नाइन वन वन केलं नाही?”

भीतीनं घट्ट धरून बसलं की पेरांवरची कातडी ताणते, खालचं रक्त बाजूला सरतं आणि पेरं पांढरी पडतात. म्हणून जत्रेतल्या पाळण्यापासून वादळातल्या विमानापर्यंत सगळ्याला ‘व्हाइट नकल’ म्हणतात. सौ. पहिल्यांदा हायवेवर गाडी चालवायला शिकल्या, तेव्हा शेजारी बसून आमची जी अवस्था झाली होती तिचं नाव आम्हाला त्या दिवशी कळलं. आणि मठ्ठ माणसाला ‘नकलहेड’ म्हणतात, हे मात्र कन्येला आधीच ठाऊक होतं, वर्गातल्या मुलांच्या कृपेनं.

बेसबॉलवाल्यांचा ‘नकलबॉल’ विसरून चालणार नाही. पूर्वी चेंडू पेरांनी दाबून धरत, म्हणून हे नाव. आता बोटांच्या टोकांनी आणि नखांनी धरतात, पण नाव जुनंच. चेंडू जवळजवळ न फिरता जातो, त्यामुळे त्याच्या शिवणीवरून हवा कधी या अंगाला ओढते कधी त्या अंगाला, आणि फलंदाजाला काय, फेकणाऱ्यालाही तो कुठं जाणार ते नक्की ठाऊक नसतं. या एका चेंडूच्या जिवावर फिल नीक्रोनं ३१८ सामने जिंकले आणि १९९७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळवली. हे ऐकून बाबा म्हणाले, “म्हणजे आपल्या झहीरचा बॉल!” बरोबरच होतं. श्रीरामपूरच्या झहीर खाननं २०११ च्या वर्ल्डकपमध्ये हाच नकलबॉल टाकून भल्याभल्यांना चकवलं. बेसबॉल म्हटलं की जांभया देणारे बाबा त्या दिवसापासून टीव्हीवर बेसबॉल लागला की “याचं पेर दाखव” म्हणू लागले.

नकलची नक्कल

आता आमच्या धंद्याकडे वळू. मेकॅनिकलला गेलेला एकही मराठी माणूस असा नसेल, ज्यानं मशीन ड्रॉइंगच्या शीटवर ‘नकल जॉइंट’ काढलेला नाही. दोन दांडे एकमेकांना असे जोडायचे की ओढ तर सहन व्हावी, पण थोडं हलायलाही मोकळीक राहावी. एका दांड्याच्या टोकाला भोक असलेला ‘आय’, दुसऱ्याच्या टोकाला दोन पाकळ्यांचा ‘फोर्क’, आय फोर्कमध्ये सरकवायचा आणि तिघांतून आरपार एक पिन. मापंही पाठ असायची. दांड्याचा व्यास एक धरला तर आयचा बाहेरचा व्यास दुप्पट, आयची जाडी सव्वापट, फोर्कच्या प्रत्येक पाकळीची पाऊणपट, पिनच्या डोक्याचा व्यास दीडपट. सव्वा, पाऊण, दीड हे पाढे शाळेत का शिकवले याचा उलगडा आम्हाला तिथं झाला.

खरं सांगायचं तर सांगलीला असताना ती शीट आम्ही स्वतः काढली नव्हती. काचेखाली दिवा लावून मित्राच्या शीटवरून ‘जीटी मारली’ होती. हॉस्टेलवर राहिलेल्यांना जीटी म्हणजे काय ते सांगायला नको. थोडक्यात, नकलची नक्कल! बाबांसमोर हे वीस-बावीस वर्षांनी कबूल केलं.

मोटारीतला स्टिअरिंग नकल हाही त्याच जातीचा. पुढच्या चाकाचा सगळा संसार त्याच्यावर. चाकाचं बेअरिंग त्यावर, ब्रेक त्यावर, वरून-खालून सस्पेन्शनचे हात त्याला धरलेले. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा खरं तर हा नकल वळतो आणि चाकाला घेऊन वळतो. मनगटाखाली जसं बोट हलतं तसंच. गराजवाल्याच्या बिलावर हा शब्द दिसला तर आकडा बघण्याआधी खुर्चीत बसावं, एवढंच सांगतो.

पण नकल या शब्दाची सगळ्यात मोठी गोष्ट रेल्वेची आहे. इथं मात्र कन्येनंही पेन्सिल खाली ठेवली.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात आगगाडीचे डबे ‘लिंक आणि पिन’नं जोडत. एका डब्याची लोखंडी कडी दुसऱ्या डब्याच्या खोबणीत शिरवायची आणि वरून पिन टाकायची. हे करणार कोण? ब्रेकमन. डबे एकमेकांवर येत असताना मध्ये उभं राहून हातानं कडी धरायची आणि नेमक्या क्षणी पिन सोडून हात काढून घ्यायचा. क्षण चुकला की बोटं गेली, कधी हात, कधी जीव. नवा माणूस कामाला आला की त्याची बोटं बघून ओळखत, हा किती वर्षांचा अनुभवी आहे ते. ज्याची सगळी बोटं शाबूत तो नवखा.

१८७३ साली व्हर्जिनियातल्या इलाय जॅनी नावाच्या माणसानं एका नव्या कपलरचं पेटंट घेतलं. हा काही इंजिनियर नव्हता, कापडचोपडाच्या दुकानात कारकून होता. त्यानं काय केलं, तर आपल्या दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवून बघितली. तुम्हीही बघा. दोन्ही हात आकड्यासारखे अडकवून ओढा, सुटत नाहीत. एक बोट सैल सोडलं की लगेच सुटतात. तसाच त्याचा कपलर. डबे एकमेकांवर आदळले की लोखंडाचं वाकडं बोट आपोआप मिटतं आणि कुलूप बसतं. माणसाला मध्ये उभं राहायचं कारणच उरत नाही. त्या मिटणाऱ्या वाकड्या बोटाला नाव मिळालं ‘नकल’.

तरी रेल्वे कंपन्या वीस वर्षं ढिम्म. नवे कपलर महाग, माणसं स्वस्त. आयोवातल्या लॉरेन्झो कॉफिन नावाच्या एका शेतकऱ्यानं १८७४ मध्ये एका ब्रेकमनची बोटं चिरडताना डोळ्यांनी पाहिली आणि पुढची वर्षं हाच ध्यास घेतला. सभांमध्ये जाऊन बोलला, पत्रं लिहिली, लोकांच्या मागं लागला. शेवटी १८९३ साली प्रेसिडेंट बेंजामिन हॅरिसननं कायद्यावर सही केली. आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले.

आजही अमेरिकेतल्या मालगाडीच्या डब्यांना त्याच घराण्याचा कपलर असतो. त्याचा नकल मुद्दाम बाकीच्यापेक्षा कच्चा ठेवतात. ताण फारच झाला तर आधी तो तुटावा, पण आतला भाग वाचावा. साधारण ८० पौंडांचा तो तुकडा बदलला की गाडी पुन्हा चालू. आपल्याकडेही जुन्या आयसीएफ डब्यांच्या मध्ये उतरून माणसाला स्क्रू कपलिंग पिळावं लागे. नव्या एलएचबी डब्यांना मात्र याच जातीचे सेंटर बफर कपलर आहेत. पुढच्या वेळी पुणे-मुंबई प्रवासात प्लॅटफॉर्मवरून वाकून बघा.

बाबा हे सगळं मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे बोटं वाचवायला बोटासारखंच यंत्र केलं म्हण की.” आणि थोड्या वेळानं, “आमच्याकडं नव्हतं ते.”

बाबांचं पेर

मग त्यांनी सांगितलं. कन्येला सांगत होते, पण ऐकत आम्हीही होतो, आणि आम्हीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

१९८४ चा गळीत हंगाम. आम्ही तेव्हा चार वर्षांचे. बाबा एका साखर कारखान्यात फिटर. रात्रपाळी, थंडी, बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एका ट्रॅक्टरला रिकामी ट्रॉली जोडायची होती. ट्रॉलीच्या दांड्याचं भोक आणि ट्रॅक्टरच्या काट्याचं भोक जुळेना. ड्रायव्हर पोरगेला, पुढंमागं करून दमला. मागं पन्नास ट्रॉल्या हॉर्न वाजवत होत्या. बाबा म्हणाले, सरक, मी बघतो. अंधार होता, म्हणून त्यांनी भोकात भोक आलं का हे बोटानं चाचपून पाहिलं.

“आणि ट्रॅक्टर चार बोटं मागं आला. एवढंच.”

कन्या म्हणाली, “ड्रायव्हरनं मुद्दाम केलं?”

“नाही गं. त्याचा काय दोष? क्लचवरचा पाय सरकला. दोष माझा. मीच सगळ्या पोरांना रोज ओरडायचो, भोकात पिन घाला, बोट घालू नका. आणि मीच घातलं.”

मग आमच्याकडे वळून म्हणाले, “म्हणून घरी सांगितलं नाही. फिटर माणसानं भोकात बोट घालावं? लाज वाटली. मशीनमध्ये गेलं म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही.”

वाचकहो, आय, फोर्क आणि पिन. आम्ही ज्याची काचेवर नक्कल मारून मार्क मिळवले, तो जॉइंट आमच्या बापानं हातानं शिकला होता. आणि त्यांनीच आम्हाला मशीन ड्रॉइंगचा बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर घेऊन दिला होता, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून. तेव्हा म्हणाले होते, “तू कागदावर कर.” त्याचा अर्थ आम्हाला आज लागला.

बरं झाल्यावर त्यांनी वर्कशॉपात फूटभर लांबीच्या, एका टोकाला निमुळत्या टॉम्या करून घेतल्या आणि एकेका ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवायला लावल्या. भोक जुळवायचं तर टॉमीनं. “त्यानंतर मी असेपर्यंत कोणाचं बोट गेलं नाही,” एवढं मात्र ते मान वर करून म्हणाले.

बोटं मोडणे

वातावरण हलकं करायला आम्ही सवयीप्रमाणे कडाकडा बोटं मोडली. सौ. लगेच, “अहो, संधिवात होईल!” हीच धमकी कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांना लहानपणी आई देत असे. त्यांनी साठेक वर्षं फक्त डाव्याच हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. शेवटी दोन्ही हात तपासले तर संधिवात कुठेच नाही. या चिकाटीबद्दल त्यांना २००९ मध्ये इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. आवाज येतो तो हाडांचा नव्हे. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा. २०१५ मध्ये कॅनडात एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून हे चित्रित केलं. बुडबुडा होताना आवाज येतो की फुटताना, यावर मात्र शास्त्रज्ञांचं अजून जमलेलं नाही. एकदा मोडलं की वीसेक मिनिटं तेच बोट पुन्हा वाजत नाही, हे कोणीही घरी करून बघू शकतो.

पण इंग्रजीत हा आवाज म्हणजे नुसती वाईट खोड. मराठीत त्याला अर्थ आहे, तोही दोन टोकांचा. कुणाच्या नावानं बोटं मोडणं म्हणजे शिव्याशाप. आणि आजी नातवाच्या तोंडावरून हात उतरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडते, ती त्याची दृष्ट काढायला. तोच कडकड आवाज, एकदा रागाचा, एकदा मायेचा. कन्येनं हे वहीत लिहिलं आणि शेजारी मोठा प्रश्न लिहिला, “हाऊ डू यू नो विच?” बाबा म्हणाले, “मोडणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं.”

‘पेर’ या शब्दाचं गोत्रही बाबांनीच उघडलं, कारण आयुष्य उसात गेलेलं. उसालाही पेरंच असतात. कोश बघितला तर त्याचं नातं संस्कृत ‘पर्वन्’शी जोडलेलं. पर्वन् म्हणजे गाठ, सांधा, सांध्यासांध्यांमधला भाग. म्हणून महाभारताची अठरा पर्वं. काळाच्या सांध्यावर येते ती पर्वणी. आणि गाठीगाठींचा तो पर्वत. हार्ट आणि आय घेतलेल्या मुलांना एवढं मोठं घराणं मिळालं नसेल! ऊस लावतात तोही टिपरी तोडून, आणि डोळा असतो तो पेराच्या सांध्यावरच. नवा कोंब तिथूनच फुटतो.

त्या रात्री झोपताना बाबांनी नातीला जपाची करमाळा शिकवली. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू करायचं, खाली उतरायचं, करंगळीवरून वर चढायचं, मग अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, तर्जनीचं टोक आणि तर्जनीवरून खाली. दहा झाले. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, तो ओलांडायचा नाही. बाबांचा सहावा जप येतो तो नेमका नसलेल्या पेरावर. त्यांचा अंगठा तिथं क्षणभर थांबतो आणि पुढं जातो. चाळीस वर्षं आम्ही त्यांना जप करताना पाहिलं, पण हे दिसलं नव्हतं. कन्येला पहिल्याच रात्री दिसलं.

“आजोबा, सिक्सला तुम्ही काय करता?”

“मोजतो की. गेलं म्हणून काय झालं, ते माझंच आहे.”

पाच मिनिटांची गोष्ट

कन्येनं शाळेत पाच मिनिटांची बारा मिनिटं घेतली. फळ्यावर देवनागरीत ‘पेर’ लिहिलं, सगळ्या वर्गाला एका हातावर डझन मोजायला लावला, आणि जॅनीचा कपलर दोन-दोन मुलांच्या हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवला. मास्तरीणबाईंनी निरोप पाठवला की आजोबांना घेऊन या. बाबा आधी नको म्हणाले, इंग्रजीचं कारण सांगून. मग मफलर गुंडाळून गेले. मुलांनी बोट हातात घेऊन बघितलं. एकानं विचारलं, दुखलं का? बाबा म्हणाले, “यस. नाऊ नो.” भाषांतराची गरज पडली नाही.

आता बाबा मिरजेला परत गेलेत. रविवारी व्हिडिओवर बोलणं होतं. कन्या हात स्क्रीनसमोर धरते, बाबा तिकडून धरतात, आणि दोघं पेरं मोजतात. सहावर दोघंही थांबतात.

जाता जाता मंडळाच्या सभासदांना एक विनंती. आज रात्री जेवताना मुलांना विचारा, घोटा कुठला, पोटरी कुठली, नडगी, मनगट, कोपर, करंगळी कुठली. आमच्यासारखे तुम्हीही अडलात तर लाजू नका, घरात कोणी वडीलधारं असेल तर त्यांचा हात हातात घेऊन विचारा. शब्दाबरोबर आणखी काय काय निघेल सांगता येत नाही. आणि तुमच्या गावाकडे पेराला आणखी काही म्हणत असतील तर संपादकांना जरूर कळवा. कन्येची वही अजून उघडीच आहे.